कॉन्टेसा हर्रासात द्यावी का?

वर्धा जिल्ह्यातल्या आष्टीत, १९४२ च्या शहिदांच्या आष्टीत, संत्र्याची बाग असलेल्या एका घरी सध्या वाद चालू आहे. घरामागच्या टिनाच्या शेडमध्ये एक कॉन्टेसा उभी आहे. ती विकायची, यावर मामा-भाच्यांचं एकमत आहे. कशी विकायची, यावर मुळीच नाही. भाचा पुण्यात मोटारींच्या कारखान्यात इंजिनिअर आहे. जगात कुठली जुनी गाडी कुठे किती बोलीला गेली, हे त्याला तोंडपाठ. तो म्हणतो, लिलाव करा. मामांनी जन्मभर कापूस, तूर, संत्रा आणि बैल विकले. ते म्हणतात, गाडी हर्रासात जाणार नाही. जो घरी येईल, बसेल, नीट पाहील, त्यालाच ती मिळेल.

मी या घरचा जुना स्नेही. दोघांनाही माझं मत हवं होतं, म्हणून बसून सगळं ऐकलं. ते बोलणं इथे देतो आहे. जिथे मला राहवलं नाही, तिथे मीही बोललो आहे.

आधी गाडीविषयी. अमेरिकेत १९६४ च्या पॉन्टिअ‍ॅक जीटीओपासून मध्यम आकाराच्या मोटारीत भलंमोठं व्ही-८ इंजिन बसवायची लाट आली. मस्टँग, कॅमेरो, चार्जर, बाराकुडा या त्या काळातल्या गाड्या. त्यांना ‘मसल कार’ म्हणतात. १९७३ च्या तेलटंचाईने ती लाट ओसरली. आपल्याकडे तसं इंजिन कुणी बनवलंच नाही. पण हिंदुस्तान मोटर्सने इंग्लंडच्या व्हॉक्सहॉलचे जुने साचे आणून १९८४ पासून कॉन्टेसा काढली. लांब बॉनेट, रुंद बूड, चार गोल दिवे. अँबेसेडर आणि पद्मिनीच्या गर्दीत ती पहिलवानासारखी दिसायची. सुरुवातीला तिच्यात अँबेसेडरचंच दीड लिटरचं, जेमतेम ५० अश्वशक्तीचं इंजिन होतं. त्या देहाला ते झेपत नसे. पुढे जपानच्या इसुझूचं १.८ लिटरचं पेट्रोल इंजिन आणि पाच गिअर आले, तेव्हा ती खऱ्या अर्थाने पळायला लागली. २००२ मध्ये ती बंद झाली. मामांच्या वडिलांनी, म्हणजे नानांनी, घेतली ती याच इसुझू इंजिनाची, १९८९ ची. संत्र्याच्या एका चांगल्या वर्षी त्यांनी ती नागपूरहून आणली होती.

भाचा: मामाजी, मला एवढंच सांगा. या गाडीची किंमत किती?

मामा: जेवढी गिऱ्हाईक देईन तेवढी.

भाचा: कुठलं गिऱ्हाईक? परवा तळेगावहून आलेला म्हणाला, पन्नास हजार. त्याआधी अमरावतीचा एक लाखापर्यंत गेला. दोघांनी गाडी पाच मिनिटं पाहिली. तुमच्याकडे भाव कळायचा काही मार्गच नाही. लिलावात तो कळतो. दहा माणसं एकाच वेळी एकच वस्तू पाहतात, एकमेकांच्या डोळ्यांदेखत बोलतात. शेवटी जो आकडा राहतो, तो बाजाराचा भाव.

मामा: तुले वाटते, मले हर्रास माहीत नाई? तूर अन् कापूस आपन यार्डात हर्रासानंच इकतो. पन संत्रा काहून नाई नेत? बगीचा झाडावरच उक्ता देतो मी. कारन झाडावर देल्ला म्हनजे मंग गारपीट झाली तं त्याची, भाव पडला तं त्याचा. तोडाई त्याची, गाडीभाडं त्याचं. यार्डात नेला म्हनजे सारं माह्या अंगावर. अन् भाव नाई आला तं माल वापस आनता येते काय?

भाचा: संत्रा सडतो. गाडी सडत नाही. भाव नाही आला तर परत आणायची.

मामा: कोन्या गाडीवर? मुंबईले नेयाचं, तिथं ठेवायचं, वापस आनायचं. त्याचा खर्च कोनाच्या मानगुटीवर? अन् हर्रासातून वापस आलेल्या मालाले मंग कोनी हात लावते काय? लोक म्हनतात, यात काई तरी खोट असन.

मामांचं हे शेवटचं वाक्य मला महत्त्वाचं वाटलं. मोटारींच्या लिलावात विक्रेता आधीच एक किमान आकडा ठरवून देऊ शकतो. बोली तिथवर गेली नाही तर गाडी विकली जात नाही. २०२१ च्या मे महिन्यात अमेरिकेतल्या इंडियानापोलिसला मीकम या लिलाव कंपनीच्या मंचावर १९७१ ची एक प्लिमथ हेमी कुडा आली होती, उघड्या छताची. तशा गाड्या जगात हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. बोली ४८ लाख डॉलरपर्यंत चढली, तरी मालकाने नाही म्हटलं आणि गाडी न विकता खाली उतरली. एवढ्या दुर्मीळ गाडीच्या मालकाला थांबणं परवडतं. आष्टीच्या कॉन्टेसाच्या अंगावर मात्र ‘बोली आली, पण दिली नाही’ हा शिक्का बसला की पुढचा प्रत्येक जण त्या आकड्याच्या खालूनच बोलायला सुरुवात करतो.

भाचा: पण मामाजी, जिचा भाव ठरलेला नाही अशा वस्तूसाठीच तर लिलाव असतो. तुरीचा दर पेपरात येतो. या गाडीचा येत नाही. ही एकच आहे.

मामा: हे बराबर बोलला. एकच हाये. पन हर्रासात एक गिऱ्हाईक असून चालत नाई, दोन लागतात. पहिल्याच्या खिशात पाच लाख असले, पन दुसरा दोन लाखांवर थांबला, तं पहिला अडीच लाखात घेऊन जाते. मले पाच कुठून भेटन? घरी आला तं मी त्याचे पाच काढतो.

भाचा: आणि दुसराही पाचवाला असला तर?

मामा: तं मंग सहा. हो, ते बी हाये.

लिलावाचं सगळं मर्म मामांनी इथे दोन वाक्यांत सांगितलं. किंमत ठरते ती सगळ्यात वेड्या गिऱ्हाइकाच्या मनाने नाही, तर त्याच्या खालोखाल वेड्या असलेल्या दुसऱ्याच्या. म्हणून ज्या वस्तूचे चाहते पुष्कळ आणि एका छताखाली जमलेले, तिला लिलाव मानवतो. जिचे चाहते थोडे आणि विखुरलेले, तिचं लिलावात नुकसान होतं. कॉन्टेसाचे चाहते आहेत, चांगले निष्ठावान आहेत. पण एक केरळात, एक बंगळुरात, दोन पुण्यात. त्यांना एका दिवशी एका खोलीत आणणारं लिलावघर आपल्याकडे आज नाही. मुंबईच्या अस्तागुरूने २०२० मध्ये जुन्या मोटारींचा ऑनलाइन लिलाव केला, तो रोल्स-रॉइसच्या तोलाच्या गाड्यांचा. त्यांची यादी वेगळी, खरेदीदार वेगळे.

आणि दोन हट्टी माणसं समोरासमोर आली की आकडा गाडीचा राहतच नाही. २०१५ च्या डिसेंबरात मुंबईत सरकारने दाऊद इब्राहिमच्या मालमत्तेचा लिलाव केला. त्यात एक जुनी हिरवी ह्युंदाई अ‍ॅक्सेंट होती. ती ३२ हजारांना गेली, आणि घेणाऱ्याने काही दिवसांत गाझियाबादला नेऊन सगळ्यांसमोर ती जाळली. ती बोली मोटारीसाठी लागलीच नव्हती.

भाच्याने यावर आपला हुकमी पत्ता काढला.

भाचा: मामाजी, ‘बुलिट’ नावाचा सिनेमा आहे, १९६८ चा. स्टीव्ह मॅक्वीनने त्यात हिरवी मस्टँग सॅन फ्रान्सिस्कोच्या चढउतारांवर उडवली. सिनेमानंतर ती गाडी हातोहात फिरली. १९७४ मध्ये न्यू जर्सीतल्या एका माणसाने मासिकातली जाहिरात वाचून ६ हजार डॉलरला घेतली. त्याची बायको शिक्षिका. ती त्याच मस्टँगने शाळेत जायची. पुढे क्लच गेला आणि गाडी उभी राहिली ती वर्षानुवर्षं. २०२० च्या जानेवारीत त्यांच्या मुलाने ती फ्लोरिडात लिलावाला आणली, किमान आकडा न ठेवता. ३४ लाख डॉलरवर हातोडा पडला, आणि लिलावघराचा १० टक्के हिस्सा धरून घेणाऱ्याला ३७ लाख ४० हजार पडले. तेव्हाच्या दराने २६ कोटींच्या वर. शेडमध्ये पडलेली गाडी, मामाजी!

मामा: थांब. मधात त्या हिरोनं काय केलं?

भाचा: मॅक्वीनने? १९७७ मध्ये त्याने मालकाला पत्र लिहिलं, गाडी मला द्या म्हणून. मालकाने दिली नाही.

मामा: अन् ते पत्र?

भाचा: जपून ठेवलं. तेच तर गाडीबरोबर गेलं. गाडी खरी तीच, याचा तेही एक पुरावा ठरलं.

मामा: मंग हर्रासानं काय केलं, बापू? सेहेचाळीस वर्षं गाडी एकाच घरात राह्यली. घरच्यानं चिठ्ठी जपली, कागद जपले, रंग नाई बदलवला, कोनाले इकली नाई. हर्रासवाल्यानं शेवटच्या पाच मिनिटांत हातोडा मारला अन् दहा टक्के घेतले.

भाच्याला लगेच उत्तर सुचलं नाही. मला मात्र वाटतं, मामा इथे अर्धेच बरोबर आहेत. त्या घराने जे जपलं त्याची किंमत चव्हाट्यावर मांडल्याशिवाय कुणाला कळलीच नसती. घरी आलेल्या एखाद्या श्रीमंताने ती गाडी त्या किमतीच्या दहाव्या हिश्शात नेली असती आणि घरच्यांना तोही मोठा आकडा वाटला असता. जिची कथा साऱ्या जगाला ठाऊक आहे अशा गाडीला लिलावाइतकं न्याय्य दुसरं काही नाही. पण कथा आधी हवी आणि तिचा कागदी पुरावाही हवा. पुरावा नसला तर हातोडा कितीही जोरात पडो, गाडी जुनं लोखंड म्हणूनच विकली जाते.

यानंतर भाच्याने जे मांडलं, तिथे मी पूर्णपणे त्याच्या बाजूचा आहे.

भाचा: तुम्ही म्हणता, घरी येऊन बसेल त्याला देईन. घरी येऊन कोण बसतं, ते बघा ना. शहरातला व्यापारी. तो गावोगाव फिरतो. शेडमध्ये गाडी दिसली की म्हणतो, ‘हिचे पार्ट मिळत नाहीत, पासिंग संपलंय, सरकार आता स्क्रॅप करायला लावणार आहे, भंगाराचे चाळीस हजार देतो.’ घरातल्या म्हाताऱ्या माणसाला वाटतं, चला, अडगळ गेली. सहा महिन्यांनी तीच गाडी रंगरंगोटी करून शहरात लाखांनी विकली जाते. त्याला भाव माहीत असतो, तुम्हाला नसतो. खासगी व्यवहारात ज्याला माहिती तोच जिंकतो, आणि गावातल्या माणसाकडे माहिती नसते.

मामा: हे खरं हाये. नानांची जीप अशीच गेली.

त्या जीपची गोष्ट या घरात सगळ्यांना ठाऊक आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकी फौजेच्या हजारो विलिज जीपगाड्या इथेच राहिल्या आणि डिस्पोजलमध्ये विकल्या गेल्या. २.२ लिटरचं, ६० अश्वशक्तीचं ‘गो डेव्हिल’ इंजिन होतं त्यांचं. तशी एक जीप या घराने ठेवली होती. बाहेरगावचा एक व्यापारी ती ट्रॉलीत घालून, ट्रॅक्टरच्या जुन्या ट्यूबच्या भावाने म्हणावं तशी घेऊन गेला. नाव-गाव लिहून घेतलं नाही, पावती नाही. विदर्भात असं झालेली घरं मी मोजत बसलो तर संपायची नाहीत. मला याचा राग येतो. या गाड्या म्हणजे आपल्या जिल्ह्यांचा यंत्रयुगाचा इतिहास. कुठल्या घराने कुठल्या पिकाच्या पैशातून कधी गाडी घेतली, कुठल्या मेकॅनिकने ती चालती ठेवली, हे सगळं त्या ट्रॉलीबरोबर निघून जातं.

आणि ‘सरकार स्क्रॅप करायला लावणार’ ही तर सरळ भीती दाखवणं आहे. १० वर्षांवरची डिझेल आणि १५ वर्षांवरची पेट्रोल गाडी रस्त्यावर आणायची बंदी आली ती दिल्ली आणि तिच्या आसपासच्या भागात, हरित लवादाच्या आणि सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशांनी. महाराष्ट्रात वयावरून खासगी गाडी मोडीत घालावी असा नियम नाही. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी तपासणी करून नोंदणी वाढवून घ्यायची आणि पर्यावरण कर भरायचा. शुल्क मात्र चढतं आहे: २०२५ च्या ऑगस्टपासून २० वर्षांवरच्या मोटारीच्या नूतनीकरणाला १० हजार रुपये पडतात. ‘व्हिंटेज’ची वेगळी नोंदणी केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये सुरू केली, पण ती ५० वर्षांहून जुन्या आणि मूळ ढाचा फारसा न बदललेल्या गाड्यांसाठी. तिचं शुल्क २० हजार, मुदत १० वर्षं, आणि पाटीवर ‘व्हीए’ ही अक्षरं. १९८९ च्या कॉन्टेसाला ती पाटी लागायला २०३९ उजाडेल. तोवर ती कायद्याच्या लेखी एक जुनी मोटार, एवढंच.

मग बोलणं विकण्याकडून घेण्याकडे वळलं. भाच्याच्या मनात जोंगा आहे.

जोंगा म्हणजे फौजेची गाडी. निस्सानच्या ‘पॅट्रोल’ या गाडीच्या आराखड्यावरून जबलपूरच्या वाहन कारखान्यात १९६९ पासून तीसेक वर्षं बनली. पुढे चार लिटरला जेमतेम कमी असं सहा सिलिंडरचं पेट्रोल इंजिन. आपल्या देशात बनलेल्या गाड्यांत ‘मसल’ हा शब्द कुणाला खरोखर शोभत असेल तर तिला. महेंद्रसिंह धोनीने २०१९ मध्ये एक घेतली, तेव्हापासून पोरांचं वेड वाढलं. फौज या गाड्या निकालात काढते ती लिलावाने. सरकारी मालाचे असे लिलाव एमएसटीसी ही सरकारी कंपनी ऑनलाइन चालवते. नीरव मोदीच्या जप्त मोटारींचा २०१९ चा लिलावही तिनेच केला.

भाचा: घेणाऱ्यासाठी तर सरकारी लिलावासारखं स्वच्छ काही नाही. मालक सरकार. चोरीची गाडी नाही, बँकेचा बोजा नाही. आकडा सगळ्यांना दिसतो.

मामा: अन् गाडी दिसते?

भाचा: बघायला देतात. चालवून बघता येत नाही.

मामा: इंजिन चालू करू देतात?

भाचा: नाही. ‘जशी आहे, जिथे आहे’ तशी घ्यायची. अनामत आधी भरायची.

मामा: मंग मी तुले सांगतो. बैल घेतो तं आपन त्याले चालवून पाहतो, दात पाहतो, बंडीले जुपून पाहतो. इंजिनचा आवाज ऐकल्याबिगर गाडी घेयाची? गिअरबॉक्समधी लोखंड भरलं हाये का भुसा, कसं कळन? त्याच्यापरीस एखाद्या मेकॅनिकच्या घरची गाडी घे. त्यानं दहा वर्षं चालवली, त्याले तिचं दुखनं माहीत. तो सांगते बी. न सांगितलं तं त्याचा चेहरा सांगते.

भाचा: चेहऱ्यावर विश्वास ठेवून लोक बुडतात, मामाजी. आणि लिलावात घेतलेल्या गाडीचे कागद सरळ होतात. सरकारी लिलावात घेतलेल्या गाडीसाठी आरटीओत वेगळा फॉर्म ३२ आहे. ताबा मिळाल्यापासून ३० दिवसांत विक्रीच्या आदेशासह अर्ज केला की नाव लागतं. जोंगाला तर आधी नागरी नंबरच नसतो. तिचं सगळं त्या एका विक्रीपत्रावर उभं असतं. तेच नसेल तर मधल्या माणसाकडून घेतलेली जोंगा शेतात उभी करायची. रस्त्यावर आणायची सोय नाही.

इथे भाचा बरोबर आहे, आणि हे मी ठासून सांगतो. फौजेची गाडी घ्यायची तर थेट लिलावातून घ्या, नाही तर आधीच नागरी नोंदणी होऊन नाव लागलेली घ्या. ‘कागद नंतर देतो’ असं म्हणणाऱ्याकडून घेऊ नका. दुसऱ्या, तिसऱ्या हातात गेलेल्या कित्येक जीपगाड्यांचा आणि जोंगांचा मूळ कागद वाटेतच हरवलेला असतो आणि मग ती गाडी कुणाचीच नसते.

लिलावाच्या खोट्या बोलीविषयीही मामांनी विचारलं: विकणाराच आपला माणूस बसवून भाव चढवत असेल तर? कायद्याने ते चालत नाही. मालविक्री कायदा १९३० चा, त्याच्या ६४ व्या कलमात हे आहे. हातोडा पडेपर्यंत बोली मागे घेता येते; विक्रेत्याला स्वतः बोली लावायची असेल तर ते आधी जाहीर करावं लागतं; न सांगता माणूस बसवला तर ती फसवणूक, आणि घेणारा तो व्यवहार रद्द करू शकतो. पण ते सिद्ध करायचं ओझं त्याच्यावरच.

संध्याकाळी भाचा आरसी बुक घेऊन बसला आणि वादाचा सगळा सूरच बदलला. पुस्तकावर अजून नानांचं नाव. ते जाऊन बरीच वर्षं झाली.

भाचा: मामाजी, ही गाडी तुमची नाहीच.

मामा: असं कसं? बापाची ती माही.

भाचा: वारसाने ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं आणि तीन महिन्यांत फॉर्म ३१ भरायचा असतो. तो भरलेला नाही. आता दंड भरून, भावाबहिणींच्या संमतीने नाव लावावं लागेल. त्याआधी ना लिलावात जाणार, ना घरी विकता येणार. आणि समजा तुम्ही त्या तळेगाववाल्याला तशीच दिली असती, तर?

हा ‘तर’ फार महागात पडतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात निकाल दिला. एका माणसाने २००७ मध्ये गाडी विकली; ती पुढे दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या हातात गेली; २००९ मध्ये अपघात झाला. नोंदणी अजून पहिल्याच्याच नावावर होती. न्यायालयाने सांगितलं, नुकसानभरपाई नोंदणीकृत मालकानेच द्यायची. गाडी कधीच दिली होती, हे त्याचं म्हणणं त्याला वाचवू शकलं नाही. म्हणून खासगी व्यवहारात फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करून द्यायच्या आणि कोरे द्यायचे नाहीत. विकणाऱ्याने राज्यातल्या राज्यात १४ दिवसांत आरटीओला स्वतः कळवायचं. राज्याबाहेर जात असेल तर ना-हरकतीचा फॉर्म २८. घेणारा कळवेल म्हणून बसायचं नाही. हस्तांतरणाचा कागद आपल्या हातात आल्याशिवाय विक्री झाली असं मानायचंच नाही.

पुस्तकात आणखी एक गोष्ट निघाली. इंधनाच्या रकान्यात ‘डिझेल’. नव्वदच्या दशकात पेट्रोल परवडेना म्हणून नानांनी इसुझूचं पेट्रोल इंजिन काढून डिझेल बसवलं होतं आणि तशी नोंदही करून घेतली होती. विदर्भातल्या निम्म्या कॉन्टेसांचं हेच झालं असावं.

भाचा: संपलं. मूळ इंजिन गेलं म्हणजे निम्मी किंमत गेली. परदेशात चासी आणि इंजिनचा नंबर जुळतो का हे पहिलं बघतात.

मामा: गेलं कोनी म्हनलं? थे तिकडं कोपऱ्यात हाये. मोटरपंपाच्या मागं. नानानं ग्रीस लावून पोत्यात बांधून ठेवलं.

भाच्याने टॉर्च घेतला, पोतं सोडलं, नंबर घासून काढला आणि पुस्तकातल्या पहिल्या नोंदीशी ताडून पाहिला. जुळला.

भाचा: हे तुम्ही कुणाला सांगितलंत का?

मामा: कायले सांगू? कोनी इचारलंच नाई.

तळेगावहून आलेल्याने विचारलं नाही, अमरावतीच्यानेही नाही. लिलावाच्या यादीत दोन ओळींचं वर्णन जातं. त्यात ‘डिझेल रूपांतर’ एवढंच छापलं गेलं असतं. पोत्यातलं इंजिन मामांच्या तोंडूनच कळायचं होतं, आणि तेही कुणी बसून विचारलं तरच. या गाडीपुरता माझा कौल इथेच ठरला.

ही कॉन्टेसा खासगीतच द्यावी. पण जो पहिला दारात उभा राहील त्याला नाही. आधी वारसाने नाव लावून घ्यावं. नोंदणीचं नूतनीकरण करावं, त्याशिवाय ती रस्त्यावर चालवून दाखवता येणार नाही. मूळ इंजिन गाडीबरोबरच द्यायचं, वेगळं विकायचं नाही, हे आत्ताच ठरवावं. नानांच्या काळचे फोटो, सर्व्हिसची जुनी बिलं, नागपूरच्या खरेदीची पावती, सगळं एका फायलीत लावावं. मग ज्यांना कॉन्टेसा म्हणजे काय ते कळतं अशा चार-पाच जणांना, एकमेकांच्या नकळत नव्हे तर एकमेकांना सांगून, बोलवावं. प्रत्येकाकडून लेखी आकडा घ्यावा. भाच्याला हवा तो भाव यातून उघडा पडेल, आणि मामांना हवा तो माणूस निवडायचा हक्कही राहील. सगळ्यात मोठा आकडा असेल त्यालाच दिली पाहिजे असं बंधन खासगी व्यवहारात नसतं. मामांनी एक अट घातली: गाडी तोडून पार्ट विकणाऱ्याला नाही. भाच्याला वाटतं, अशी अट कागदावर टिकत नाही. मलाही तसंच वाटतं. तरी ती लिहून घ्यावी. लिहून देताना माणूस थोडा थबकतो, तेवढंही पुष्कळ.

भाच्याने जोंगासाठी मात्र लिलावाकडेच पाहावं, आणि अनामत भरण्याआधी सोबत एक जाणता मेकॅनिक घेऊन जावं.

वाचकांपैकी कुणाच्या गावाकडे, माहेरी, आजोळी अशी एखादी गाडी शेडमध्ये, गोठ्याशेजारी, चिंचेखाली उभी असेल तर माझी विनंती आहे. येत्या सुट्टीत जाल तेव्हा आरसी बुक शोधा आणि नाव कोणाचं आहे ते पाहा. चासी आणि इंजिनच्या नंबरावरची धूळ पुसून फोटो काढून ठेवा. घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाला विचारा: गाडी कुणाकडून आली, काय बदललं, काढलेलं सामान कुठे आहे. आणि हे होईपर्यंत कुणाकडूनही बयाणा घेऊ नका.